जातं की टेबलाला आवळायची लोखंडी चक्की? दोन्ही वापरून झाल्यावर

घरघंटी नको हे ज्यांचं ठरलंय आणि आठवड्याला किलोभर नाचणी, बाजरी, मका एवढंच दळायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. पोळ्यांचे गहू आमचेही गिरणीतच जातात. पण बाजरीचं पीठ काही दिवसांत कडू व्हायला लागतं, आणि गिरणीत अर्धा किलो दळण दिलं की आधीच्या माणसाचे गहू त्यात येतातच, म्हणून हा खटाटोप.

आम्ही ऐरोलीला, फ्लॅटमध्ये. आधी लोखंडी चक्की घेतली. मक्याला ती खरंच चांगली आहे, लॅटिन अमेरिकेत अशा चक्क्या मक्यासाठीच वापरतात. एकदा मोठं ठेवून भरडायचं, मग स्क्रू आवळून परत घालायचं, कण्या एकसारख्या पडतात. बारीक पिठाला मात्र दोन-तीनदा घालावं लागतं, आणि पावसाळ्यात जरा ओल राहिली की पात्यांवर गंज धरतो.

पण माझं बिनसलं ते क्लॅम्पवरून. आमच्या ओट्याची ग्रॅनाइटची कड गोल केलेली आणि खाली पट्टी लावून जाड केलेली, हल्ली बऱ्याच घरांत तशीच असते, त्यावर क्लॅम्प जेमतेम टोकाला बसतो. पाच-सहा मूठ धान्य होईस्तोवर चक्की एका बाजूला कलते, मग थांबा, आवळा, परत सुरू करा. खाली लाकडाची पट्टी घातली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, डायनिंग टेबलाला लावून बघितली तर टेबलच सरकायला लागलं. एका रविवारी नाचणी निम्मी झाली असताना अख्खी चक्की निसटली आणि पीठ गॅसच्या शेगडीपर्यंत उडालं, त्या दिवसापासून ती माळ्यावर आहे. तुमच्याकडे जड, जुनं लाकडी टेबल असेल तर कदाचित हा त्रास होणारही नाही.

मग आईचं जातं गावाहून आणलं. ते जमिनीवर बसलं की बसलं, हलायचा प्रश्नच नाही. बारीक-जाड ठरवायला स्क्रू नाही, ते तुमच्या वैरणीवर, म्हणजे एका वेळी किती धान्य घालता त्यावर. मी सुरुवातीला मूठ मूठ घालायचो आणि भरडच पडायचं, आईने हात धरून दाखवलं, चिमूटभर घालायचं, दोन फेरे होऊ द्यायचे, मग पुढची चिमूट. तसं केल्यावर कडेने जे पीठ उतरतं ते भाकरीला मस्त, थापताना कड फारशी फाटत नाही. घड्याळ लावून मोजलं नाही पण दोघं समोरासमोर बसलो तर किलोभर नाचणी टीव्हीवर बातम्या संपेपर्यंत होते. साफसफाईलाही वरची तळी, म्हणजे वरचा दगड, उचलायची आणि कुंच्याने झाडायचं, बास.

त्रास आहेतच. खाली बसायला लागतं, गुडघे दुखत असतील तर जातं नकोच. घरघर खालच्या मजल्यावर ऐकू जाते, खालच्या काकूंनी दोनदा विचारलं, तेव्हापासून गोणपाटावर जुनी सतरंजी घालून दळतो आणि दुपारी अजिबात नाही. मका अख्खा घातला तर नुसता गडगडतो, आधी जाड भरडून, चाळून परत घालावा लागतो. नुसत्या मक्यासाठीच घेणार असाल तर मी लोखंडीच घ्या म्हणेन.

आणि टाकी, म्हणजे छिन्नीने दगडांवर परत खाचा पाडणं. तळ्या गुळगुळीत झाल्या की दळण गरम होतं आणि पीठ पडत नाही, तेव्हा टाकी लावून घ्यावी लागते. आमच्या बाजूला टाकीवाले आता दिसत नाहीत, गेल्या मे महिन्यात दोन्ही तळ्या गाडीत घालून गावाला नेल्या आणि तिथे लावून आणल्या. टाकी ताजी असताना पहिले दोन घाणे साध्या तांदळाचे काढून टाकून द्या, नाहीतर भाकरीत कचकच लागते. नवीन जातं घेणार असाल तर दुकानातच दोन मूठ ज्वारी दळून बघा, आणि वरची तळी फिरताना डुगडुगत असेल तर ते घेऊ नका.