राऊटरमध्ये 'चोर' दाखवून मलाच लुटलं

लाज वाटतेय पण लिहितो, कारण दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस असूनही फसलो. दोन दिवस नेट रडत चाललं होतं आणि त्यातच फोन आला, "सर, इंटरनेट कंपनीतून बोलतोय, तुमच्या वायफायवर बाहेरची माणसं बसलीयत." याला नेट स्लो असल्याचं कळलं कसं, असं वाटून माझा विश्वासच बसला. पण नेट स्लो आहे अशी तक्रार कोणाची नसते हो? अंधारात दगड मारला, तो मला लागला, एवढंच.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (राऊटरच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता) टाकायला लावलं, राऊटरच्या बुडाच्या स्टिकरवरचं नाव-पासवर्ड घालून आत शिरलो. ते पान आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. म्हणाला, कनेक्टेड डिव्हाइस किती दिसतात? अकरा. घरात माणसं किती? चार. झालं, तिथेच माझी तंतरली. त्यात दोन नावं 'ईएसपी' आणि पुढे आकडे-अक्षरांचा गिचका, तीन तर नुसतीच 'अननोन'. "हेच ते हॅकर सर."

आता माहितीये की ते दोन ईएसपी म्हणजे हॉलमधले स्मार्ट बल्ब, त्यांच्यातली वायफाय चिप स्वतःचं नाव तसंच सांगते. आणि अननोन म्हणजे आमचेच मोबाईल, कारण अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन वायफायला खरा मॅक अॅड्रेस (डिव्हाइसचा ओळख क्रमांक) न देता बनावट देतात, तेही आपल्याच प्रायव्हसीसाठी. म्हणजे मी बल्बला घाबरून पैसे दिले, बोला!

पैसे कशाचे, तर 'लाइफटाइम फायरवॉल'चे, म्हणजे बाहेरच्या घुसखोरांना अडवणाऱ्या भिंतीचे. साधी फायरवॉल राऊटरमध्ये आधीपासूनच असते हे मला कुठे ठाऊक. स्क्रीन शेअरिंगचं अॅप टाकायला लावलं, माऊस आपोआप फिरायला लागला, पाच मिनिटं काहीतरी खटाखट क्लिक झालं आणि "आता निश्चिंत राहा सर".

चौथ्या दिवशी बँकेची साईट उघडली तर ब्राउझरने मोठ्ठी वॉर्निंग दिली, सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणून. एरवी मी 'तरीही पुढे जा' दाबणाऱ्यातला, त्या दिवशी नशिबाने थांबलो. एका मित्राने राऊटर बघितला तर डीएनएसचे आकडेच बदललेले. डीएनएस म्हणजे साईटचं नाव दिलं की तिचा पत्ता सांगणारा, तो पत्ता सांगणाराच त्यांचा झाला की बँकेचं नाव टाइप करून तुम्ही भलत्याच दारात उभे. शिवाय रिमोट मॅनेजमेंट चालू ठेवलेलं, म्हणजे साहेबांना हवं तेव्हा बाहेरून आत यायची सोय.

मी मधल्या काळात शहाणपणा करून वायफायचा पासवर्ड बदलला होता, त्याचा उपयोग शून्य. हे नीट वाचा, पासवर्ड दोन असतात, एक वायफायला जोडायचा आणि दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, आणि दुसऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझा अजून स्टिकरवरचाच होता.

मग सेफ्टी पिन घेतली, मागच्या बारक्या भोकात सगळे दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरली, फॅक्टरी रिसेट. दोन्ही पासवर्ड नवे, फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, रिमोट मॅनेजमेंट बंद, डब्ल्यूपीएस बंद (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, त्याचा आठ आकडी पिन जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत निघतो हे २०११ मध्येच उघड झालंय), सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए२ वर, नवा राऊटर असेल तर डब्ल्यूपीए३ घ्या. बल्ब आणि टीव्ही गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) हाकलले. लॅपटॉपवरचं ते अॅप काढून बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलला. पैशांची तक्रार केलीय, अजून काही परत आलेलं नाही.

लिस्टमधल्या प्रत्येकाला आता नाव दिलंय. एकच डिव्हाइस ओळखू येईना, एकेक वस्तू बंद करत गेलो तर निघाला प्रिंटर. दोन वर्षं एक कागद छापला नाही पठ्ठ्याने, पण वायफायवर मात्र इमानेइतबारे हजर.