जुन्या शोकेसचा वापरानंतरचा अनुभव: आधी पाठ बघा, मग नक्षी

हा अनुभव तीन प्रकारच्या जुन्या कपाटांचा आहे. पहिलं दोन भागांचं, वर काचेची दारं आणि खाली ड्रॉवर असलेलं अँटिक कपाट. दुसरी विसाव्या शतकाच्या मध्यातली, सरकत्या काचांची बुटकी शोकेस. तिसरं एकावर एक खण रचायचं पुस्तकांचं कपाट, ज्याचं काचेचं दार वर उचलून आत ढकलतात. तिन्हींत चिनी मातीची भांडी, चांदी, पुस्तकं ठेवून काही महिने रोजची उघडझाप झाली आहे. घेताना डोळा नक्षीवर, पितळी मुठींवर, पॉलिशच्या झळाळीवर जातो. वापरात मात्र सुख किंवा मनस्ताप ठरतो तो पाठीची फळी, आतल्या फळ्यांची जाडी, बिजागऱ्या आणि बंद कपाटातली हवा यांवर. कपाट भिंतीपासून ओढून मागून बघू देत नसतील तर ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधारण शंभर वर्षांच्या पुढे अँटिक, त्याअलीकडे व्हिंटेज, अशी ढोबळ रीत आहे. पण विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा स्क्रू आणि काच जास्त सांगतात. फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. त्याआधीच्या म्हणवणाऱ्या कपाटात ते दिसले, तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा वय खोटं आहे. काचेकडे तिरकं बघत डोकं हळूहळू हलवा. पलीकडच्या सरळ रेषा लाटांसारख्या हलल्या, मध्येच एखादा बुडबुडा दिसला, तर काच जुनी. आज सर्रास मिळणारी एकदम सपाट फ्लोट काच पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने बनते. मात्र सपाट काच म्हणजे नवीच असं नाही, कारण त्याआधीही महागड्या फर्निचरला घासून सपाट केलेली काच लावत. चार तावदानांतलं एकच सपाट असेल तर ते बदललेलं आहे. वापरात त्याने काही बिघडत नाही, पण किंमत ठरवताना बोलून दाखवावं. वक्र काचेच्या कपाटात मात्र एकही तडा चालवून घेऊ नये. तशी काच साच्यावर तापवून मुद्दाम बनवून घ्यावी लागते, आणि गोलाई थोडी जरी चुकली तरी ती चौकटीत बसत नाही.

दोन भागांच्या कपाटात जोडी मूळची आहे का, हे तपासायला विसरू नये. वरचा भाग उचलून खाली बघा. जिथे तो टेकतो तिथलं लाकूड बहुतेक वेळा कच्चं, पॉलिश न केलेलं असतं. तिथेही पुढच्यासारखंच चकचकीत पॉलिश असेल, तर खालचा भाग पूर्वी स्वतंत्र टेबल किंवा ड्रॉवरचं कपाट असण्याची शक्यता मोठी. पाठीच्या फळ्यांची रुंदी, रंग आणि खिळे दोन्ही भागांत जुळतात का तेही पाहा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून डव्हटेल सांधे, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकणारे पंख्याच्या आकाराचे दात, बघितले की आणखी खुलासा होतो. हातकामात दात थोडे लहानमोठे असतात आणि शेजारी सुताराने मारलेली खुणेची रेघ राहते. यंत्रावरचे दात एकसारखे असतात.

आता रोजची कटकट, म्हणजे दारं घासणं. बहुतेक वेळा दोष दाराचा नसतो, जमिनीचा असतो. जमीन असमान असली की जुन्या कपाटाचा सांगाडा पिळवटतो आणि दोन दारांमधली फट वर एक, खाली एक दिसते. रंधा हातात घेण्याआधी पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावा. पुढच्या एकेका पायाखाली दोन मिलिमीटरची पाचर सरकवून फट बघत राहा, ती वरपासून खालपर्यंत सारखी झाली की काम झालं. दमट हवेत लाकूड फुगतं, त्यामुळे तेव्हा तासलेलं दार कोरड्या दिवसांत सैल पडतं, हे ध्यानात ठेवलं तर उगाच तासणं टळतं. घेण्यापूर्वी चौकटीचे दोन्ही कर्णही मोजावेत. तीन-चार मिलिमीटरचा फरक पाचरीने निभतो. त्याहून बराच जास्त असेल तर सांधे सुटलेले असतात, आणि ते उघडून सरसाने पुन्हा जोडावे लागतात.

बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरत असेल तर लांब स्क्रू ठोकू नये, तो पातळ चौकट फाडतो. भोकात सरस लावलेल्या लाकडाच्या बारीक काड्या गच्च भराव्यात, एक दिवस वाळू द्यावं, बारीक भोक पाडून मूळच्याच मापाचा स्क्रू बसवावा. पितळी स्क्रू मऊ असतो, जोर लावला की डोकं तुटून आत राहतं. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडायचे, तो काढायचा, आणि मग पितळीला थोडं मेण लावून हाताने आवळायचा.

फळ्यांचं गणित फार कमी लोक करतात. दर फुटाला वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर बाक सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. पुस्तकं ठेवायची असतील तर १८ ते २० मिलिमीटर जाडीची भरीव फळी ७५ सेंटिमीटरच्या पुढे आधाराशिवाय नको. जुन्या फळीला बाक आला असेल आणि दोन्ही बाजू बऱ्या असतील तर ती उलटी करून बसवावी. पुढच्या कडेखाली २५-३० मिलिमीटर उंचीची पट्टी चिकटवली की फळी लक्षणीय ताठ होते. खोलीही मोजून घ्या: २७ सेंटिमीटरचं ताट आडवं ठेवायचं तर आत किमान ३० सेंटिमीटर मोकळे हवेत, आणि बऱ्याच देखण्या शोकेस इथेच कमी पडतात.

बंद कपाटातली हवा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. ओकच्या लाकडातून, तसंच प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डमधून आम्ल बाष्पं निघत राहतात. दार घट्ट बंद असेल तर शिसं आणि शंख-शिंपले यांवर पांढरट भुकटी धरते. चांदी काळवंडते ती गंधकामुळे, आणि लोकरीचा फेल्ट हे त्याचं हमखास ठिकाण. शोकेसमध्ये हौसेने लावलेलं हिरवं लोकरी अस्तर चांदीसाठी वाईटच. त्याजागी धुतलेलं, रंग न दिलेलं सुती कापड घालावं, रबरी पॅडही टाळावेत. आतून नव्याने रंग किंवा पॉलिश केलं असेल तर काही आठवडे दारं उघडी ठेवून मगच वस्तू मांडाव्यात. आत छोटं आर्द्रतामापक ठेवलं की अंदाज राहतो. ४५ ते ५५ टक्के उत्तम. आकडा स्थिर असणं महत्त्वाचं, कारण रुंद फळ्या चिरतात त्या अचानक बदलाने.

कीड आहे का, हे एका भेटीत कळत नाही. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं जुनीही असू शकतात. खाली काळा कागद अंथरून कपाट काही आठवडे वेगळं ठेवा. फिकट, ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. अळी लाकडात वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे काही महिने भुकटी दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. कीडनाशक पाठीच्या आणि तळाच्या कच्च्या लाकडात मुरतं, पॉलिशवरून लावून उपयोग नाही.

सरकत्या काचांची शोकेस अरुंद जागेत सोयीची, पण एका वेळी अर्धीच उघडते आणि काचांमधल्या फटीतून धूळ येतेच. खाचेतली माती कोरड्या ब्रशने काढून मेणबत्ती घासली की काच हलकी सरकते. तेल लावू नये, त्यात धूळ बसून लगदा होतो. रचायच्या खणांचं कपाट धुळीला सर्वांत चांगलं तोंड देतं. ग्लोब-वर्निके या अमेरिकी कंपनीच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. घेताना प्रत्येक दार वर उचलून पूर्ण आत जातं का ते बघावं. तिरकं होऊन अडत असेल तर आतली यंत्रणा किंवा खणाचा गुण्या, म्हणजे कोपऱ्यांचा काटकोन, बिघडलेला असतो. पुस्तकांनी भरलेले खण हलवण्याआधी रिकामे करा.

दिव्यांसाठी एलईडी पट्टी, २७०० ते ३००० केल्विनची, म्हणजे पिवळसर उजेडाची, आणि तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर कपाटाबाहेर. हॅलोजन आत नको, उष्णतेने व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, उचलतं. उंच कपाट भिंतीला पट्ट्याने बांधावंच. स्क्रू पाठीच्या पातळ फळीत नको, वरच्या जाड आडव्या पट्टीत हवा. जुनी काच मोठ्या, धारदार तुकड्यांत फुटते, म्हणून लहान मुलं असतील तर खालच्या तावदानांना आतून सेफ्टी फिल्म लावावी.

कपाट हलवताना वरच्या नक्षीदार माथ्याला धरू नये, तो अनेकदा नुसता ठेवलेला असतो. काच पुसताना फवारा थेट मारायचा नाही: अमोनिया किंवा अल्कोहोल असलेलं द्रव काच धरून ठेवणाऱ्या बारीक बिडिंग पट्टीच्या मागे झिरपतं आणि लाखेचं फ्रेंच पॉलिश मऊ करतं. फवारा कापडावर घ्या, कडेपासून बोटभर आत पुसा, आणि कडा कोरड्या मऊ ब्रशने झटका. लाकडाला वर्षातून एक-दोनदा पातळ मेण पुरे. सिलिकॉनचे चकचकीत स्प्रे टाळा, पुढे कधी पॉलिश करायचं झालं तर त्या जागी पॉलिश धरत नाही.