सिस्टीम विकावी की वापरावी? दोन फायली शेजारी ठेवून

इन्कम टॅक्स रिटर्नच्या गर्दीत आमच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या ऑफिसात दोन्हीकडची मंडळी येतात: ऑप्शनची (शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांची) सिस्टीम, म्हणजे ठरलेली पद्धत, शिकवणारी आणि ती घेऊन ट्रेड करणारी. परवा भाचा आला. "मामा, १५,००० भरून क्लास लावू? सर रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात."

विकणाऱ्याचा हिशोब सोपा. राजारामपुरीत हॉल, दोन रविवार, ४० पोरं, म्हणजे ६ लाख. भाडं, चहा-नाष्टा, जाहिरात वजा करा. बाजार चढो नाहीतर पडो, फी आधीच खिशात.

वापरणाऱ्याचं बघा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले, सरासरी सुमारे २ लाखांच्या. ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) नफा होवो न होवो, कापला जातोच.

एका सरांची फाईल आठवते (नाव सांगणार नाही, धंद्याचा शिरस्ता). शिकवणीचं उत्पन्न घसघशीत आणि खाली एफ अँड ओचा तोटा. सरांनी विचारलं, "हा तोटा फीच्या उत्पन्नातनं वजा होतोय न्हवं?" होतो. पोरांच्या फीनं सरांचा खड्डा बुजला.

विकतो तो खोटाच, असं मात्र नाही. महिन्याला खरंच ५ टक्के मिळाले तरी १ लाखावर ५,००० होतात, त्यात घर चालत नाही. पण हात न लावता ठेवले तर दहा वर्षांत जवळपास साडेतीन कोटी. असं घबाड हाती असलेला माणूस दर रविवारी माईक धरून कशाला उभा राहील?

स्क्रीनशॉटचं म्हणाल तर आपल्याकडं मटक्यातली ही जुनी युक्ती. दहा जणांना शून्य ते नऊ असा एकेक 'फिक्स' आकडा द्यायचा. एकाला लागतोच, तो गावभर सांगतो. बाकीचे नऊ गप्प.

टिप विकायची तर सेबीची नोंदणी लागते. नुसतं शिकवणाऱ्यानं गेल्या तीन महिन्यांचे भाव वापरून एखाद्या शेअरबद्दल बोलायचं नाही, हे सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं होतं.

भाच्याला म्हटलं, सरांकडं तीन वर्षांचं रिटर्न माग. मागून आला. सर म्हणाले, ते प्रीमियम बॅचला दाखवतो. फी २५,०००.