वेबर ३२/३६ : रस्त्यावरच्या जुन्या मोटारीसाठी पुरेसा कार्ब्युरेटर

जुन्या मोटारीचा झिजलेला कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला देणारा भाग) बदलायची वेळ आली की बहुतेकांची नजर आधी मोठ्या मापाकडे जाते. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनासाठी मी वेबर ३२/३६ निवडला, तो नेमका उलट कारणासाठी, म्हणजे त्याची पहिली वाट अरुंद आहे म्हणून.

नावातले आकडे हे दोन बॅरलमधील, म्हणजे हवेच्या दोन नळ्यांमधील, थ्रॉटलच्या (पेडलने उघडणाऱ्या) झडपांचे मिलिमीटरमधील व्यास आहेत. हवेची वाट मात्र त्याहून अरुंद असलेल्या व्हेन्च्युरी, म्हणजे बॅरलमधील चिंचोळे भाग, ठरवतात. त्या २६ आणि २७ मिलिमीटरच्या असून दोन्हींचे क्षेत्रफळ मिळून साडेसदतीस मिलिमीटर व्यासाच्या एकाच व्हेन्च्युरीइतके भरते. सिलिंडर ८५ टक्के भरतात असे धरले, तर दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या वेगाने फिरताना दर मिनिटाला सुमारे ५१०० लिटर हवा ओढते. २००० फेऱ्यांना ती जास्तीत जास्त एक तृतीयांश, आणि पाय हलका असेल तर त्याहूनही पुष्कळ कमी. अशा वेळी फक्त पहिले बॅरल उघडे राहते, त्यामुळे हवेचा वेग टिकतो, पेट्रोलचे कण बारीक होतात आणि इंजिन न अडखळता ओढते. पेडल पुष्कळसे दाबले गेल्यावरच दुसरे बॅरल उघडू लागते. १९७० च्या दशकात फोर्डने एस्कॉर्ट आरएस २००० या मोटारीला हाच कार्ब्युरेटर दिला होता.

त्याचे तीन प्रकार मिळतात. डीजीव्हीचा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) हाताने ओढायचा, डीजीईव्हीचा विजेवर चालणारा आणि डीजीएव्हीचा इंजिनातील गरम पाण्यावर उघडणारा असतो. हाताच्या चोकमध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नसल्याने मी तोच पसंत केला.

या कार्ब्युरेटरची खरी परीक्षा मेन जेटवर (जोरात चालवताना पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या तुकड्यावर) नव्हे, तर आयडल जेटवर (मंद गतीसाठीच्या तशाच तुकड्यावर) होते, असे माझे ठाम मत झाले आहे. हलक्या पायाने, सावकाश चालवताना इंजिनाला बहुतेक पेट्रोल याच जेटमधून येते आणि थ्रॉटलच्या झडपेलगतच्या प्रोग्रेशन छिद्रांतून (झडप उघडू लागताच मोकळ्या होणाऱ्या बारीक छिद्रांतून) आत उतरते. हे जेट चुकले की पेडल दाबताच क्षणभर पोकळी जाणवते, आणि लोक विनाकारण मेन जेट बदलत बसतात. अर्थात त्याआधी व्हॉल्व्हची फट आणि इग्निशनचे टायमिंग बरोबर असले पाहिजे, तसेच मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) सांध्यातून हवा शिरत नसल्याची खात्री झालेली असली पाहिजे. कार्ब्युरेटरच्या माथी मारले जाणारे कितीतरी दोष प्रत्यक्षात डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागात, सापडतात.

आयडल जेट तपासताना, इंजिन सुरू करण्यापूर्वी गतीचा स्क्रू थ्रॉटलच्या दांड्याला जेमतेम टेकवून तेथून अर्धा फेरा आत घ्यावा, आणि मिश्रणाचा स्क्रू अगदी हलक्या हाताने तळाला टेकवून दोन फेरे बाहेर काढावा. तो आवळला तर त्याच्या टोकाला खाच पडते आणि पुढची सगळी जुळणी खोटी ठरते. इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चोक पूर्ण उघडल्यावर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घेत जावे. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, होत होत इंजिन अडखळू लागले की तेथून थोडे थोडे मागे येत, ते सर्वांत एकसारखे फिरेल तेथे थांबावे. आता फेरे मोजायचे. मिश्रणाचा स्क्रू अडीच फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर असेल तर आयडल जेट लहान आहे, आणि दीड फेऱ्यापेक्षा कमी असेल तर ते मोठे आहे. गतीचा स्क्रू दीड फेऱ्याहून अधिक आत घ्यावा लागला तर झडप प्रोग्रेशन छिद्रे आधीच उघडी पाडते, मिश्रणाचा स्क्रू फिरवून फारसा फरक पडत नाही, आणि तेव्हाही संशय लहान जेटवरच घ्यावा. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. ५५ च्या जागी ६० घातले तर बदल किरकोळ वाटतो, पण छिद्राचे क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी वाढते. म्हणून एका वेळी एकच पायरी बदलावी.

मेन जेटसाठी एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-पेट्रोलचे प्रमाण आकड्यात दाखवणारे उपकरण) लावणे, प्लगच्या रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा कितीतरी खात्रीचे आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर थ्रॉटल पूर्ण उघडा असताना १२.५ ते १३ च्या दरम्यानचे मिश्रण हवे.

उणिवाही आहेत. वेबरच्याच ४० डीसीओई या आडव्या कार्ब्युरेटरमध्ये व्हेन्च्युरी बदलता येतात. येथे त्या मूळ ओतीवातच असल्याने इंजिनाची ताकद वाढवली तरी वाट तेवढीच राहते. पेट्रोलचा दाब चौरस इंचाला साडेतीन पौंडांच्या वर गेला की पेट्रोलची आवक रोखणारी सुईझडप तो पेलत नाही आणि फ्लोटच्या कप्प्यातून पेट्रोल ओसंडते, त्यामुळे जोरकस विजेचा पंप असेल तर रेग्युलेटर अपरिहार्य होतो. वरच्या झाकणात पॉवर व्हॉल्व्हचा (इंजिनाची ओढ कमी झाली की जादा पेट्रोल सोडणाऱ्या झडपेचा) पडदा असतो. तो फाटला तर व्हॉल्व्ह सतत उघडा राहून मिश्रण कायम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते आणि कोणतेही मेन जेट त्यावर उपाय ठरत नाही. जुना, वापरलेला नग घेताना हा पडदा आणि थ्रॉटलच्या दांड्याचा खेळ या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. हुबेहूब दिसणाऱ्या नकलाही बाजारात भरपूर आहेत, आणि त्यांच्या जेटवर कोरलेला आकडा व प्रत्यक्ष छिद्र यांचा मेळ बसेलच असे नाही.

शर्यतीची, लांब मुदतीची (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी) कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनासाठी मात्र हा कार्ब्युरेटर मी सुचवणार नाही. तशा इंजिनाची आयडलिंगवरची, म्हणजे उभ्या मोटारीत मंद फिरतानाची, हवेची ओढ क्षीण असते, पॉवर व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडतो, आणि ज्या वरच्या फेऱ्यांसाठी ती कॅमशाफ्ट घातलेली असते, तेथे २६ आणि २७ मिलिमीटरच्या व्हेन्च्युरी अपुऱ्या पडू लागतात.