इतिहास खरा होता, दुकान दुसऱ्याचं

गेल्या महिन्यात निपाणीहून एका कापड दुकानदाराचा फोन आला. ओळख ना पाळख, थेट विचारलं, "तुमची बेळगावची शाखा कशी चाललीय?" मी म्हटलं, कसली शाखा? तर त्यांनी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. शेवटच्या पानावर माझ्या दुकानाचा फोटो. काळ्या भिंती, पिवळे दिवे, काउंटरमागे नवा शर्ट घालून मी, आणि खाली ओळ, 'बेळगाव : आमची यशस्वी शाखा'. ते दुकान बंद करून मला तेव्हा दहा महिने झाले होते. वकील आणि पोलीस सोडले तर तोवर नात्यातल्या चार माणसांपलीकडे कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहितोय.

आमचं मूळ दुकान खडेबाजारात. आजोबा शहापूरचे विणकर, घरात माग होता. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, माग मोडला आणि रेडिमेडचं दुकान टाकलं. लग्नसराईत खानापूर, चंदगड आणि गोव्याकडची गिऱ्हाइकं येतात, त्यावर वर्ष निघतं. पण तरुण पोरं दुकानात यायची बंद झाली होती. आली तरी मागायची ते आमच्याकडे नसायचं. कवटीवाले काळे टी-शर्ट, ढगळ पँटी, साखळ्या, फाडून परत शिवल्यासारखी जाकिटं. याला 'अल्टरनेटिव्ह फॅशन' म्हणतात हे मला पुतण्याने सांगितलं. पंक, गॉथ, मेटल असे त्यात पंथ आहेत म्हणे, आणि एका पंथाचा कपडा दुसऱ्याला चालत नाही. अप्पांचं मत एवढंच की, "काळं आपल्यात संक्रांतीला घालतात, नाहीतर एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला. रोज काळं कोण घेणार गा?" पण टिळकवाडीत आरपीडी कॉलेजच्या आसपास संध्याकाळी उभं राहून बघितलं तर निम्मी पोरं काळ्यातच.

इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. लंडनच्या जुन्या अल्टरनेटिव्ह ब्रँडची फ्रँचायझी, छोट्या शहरांना प्राधान्य. नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन. आठवड्याने एक तिशीतला माणूस बेळगावात येऊन भेटला. कुंद्याचा डबा घेऊन जाताना पैसे देऊ लागला, मीच घेतले नाहीत. हे आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्याने जे दाखवलं ती माहितीपुस्तिका नव्हती, ब्रँडचा 'इतिहास' होता. बारा पानं, जाड कागद. त्या इतिहासानेच मला जाळ्यात घेतलं, म्हणून तो जरा नीट सांगतो.

लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० नंबरचं एक छोटं दुकान. १९७१ मध्ये तिथे एक तरुण जोडी धंद्याला बसली. बाई आधी शाळेत शिकवायची. सुरुवातीला १९५० च्या दशकातल्या 'टेडी बॉय' म्हणवणाऱ्या इंग्रज पोरांच्या फॅशनचे कपडे विकले, दुकानाचं नाव लेट इट रॉक. ते जुनं झालं तेव्हा नाव बदललं आणि मोटारसायकलवाल्यांचा चामडी माल ठेवला. १९७४ मध्ये पुन्हा नाव बदललं, आणि असं ठेवलं की मी ते अप्पांसमोर वाचलं नाही. दारावर गुलाबी रबरी अक्षरांत ते नाव. १९७६ मध्ये सेडिशनरीज. सेफ्टी पिना, मुद्दाम फाडलेलं कापड, दोन्ही पाय पट्ट्याने एकमेकांना बांधलेल्या पँटी, ज्याला आज जग पंक म्हणतं ते सगळं. १९८० मध्ये पाचवं नाव, वर्ल्ड्स एंड. दुकानाची जमीन मुद्दाम उतरती केली, आणि दर्शनी भागावर तेरा आकड्यांचं भलंमोठं घड्याळ लावलं, काटे उलटे फिरणारं.

पुढच्या पानांवर १९७७ ची न्यूयॉर्कची शाखा, दोन गायिका बहिणींनी उघडलेली, केसांच्या भडक रंगांसाठी गाजलेली. मग १९८९ ला कॅलिफोर्नियातल्या मॉलमध्ये प्रवेश. आणि मग, 'आमची परंपरा नाव बदलण्याची आहे. भारतासाठी हे आमचं सहावं नाव.'

मी काय अगदीच खुळा नाही. रात्री बसून एकेक गोष्ट तपासली. ४३० किंग्ज रोड, आहे. १९७१, बरोबर. उलटं घड्याळ, त्याचे शंभर फोटो सापडले. न्यूयॉर्कच्या बहिणी, खऱ्या. कॅलिफोर्नियाचं दुकान, खरं. जे जे शोधलं ते ते निघालं. फक्त त्या माणसाच्या कंपनीचं नाव कुठे दिसत नव्हतं, पण नाव बदलण्याचीच परंपरा असल्यावर ते दिसणार कसं? पाच नावं झाली, तर सहावं का नको? खोटं बोलणाऱ्याने खोटंच बोलायला पाहिजे असं थोडंच आहे.

सौदा असा झाला. टोकन ५०,००० रुपये. फ्रँचायझी फी ३,००,०००. दुकानाची सजावट त्यांच्याच माणसाकडून, १,२५,०००. पहिला माल २,४०,०००. एकूण ७,१५,०००. निम्मे पतसंस्थेतून काढले, उरलेल्यात बायकोच्या पाटल्या गेल्या. करार पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, इंग्रजीत अकरा पानं. मी पहिली दोन वाचली.

माल लॉरीने आला. ठरलेल्या बारा खोक्यांपैकी सात. अप्पा त्या दिवशी सहज येऊन बसले होते. त्यांनी एक टी-शर्ट उचलला, कॉलर उलटी केली आणि चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"हे लेबल दोनदा शिवलंय."

लेबलाच्या बाजूने सुईच्या भोकांची आणखी एक ओळ होती. आधीचं लेबल उसवून हे लावलेलं. मग त्यांनी खिशातला पांढरा रुमाल पाण्यात बुडवून कापडावर घासला. रुमाल काळा. कापड बोटांत चोळून म्हणाले, "एकशेचाळीस जीएसएमच्या वर नाही हे. तुला किती सांगितलंन?" जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मला दोनशेवीस सांगितले होते. एक टी-शर्ट धुऊन वाळत घातला तर बाजूची शिवण फिरून पोटावर आली. ज्यांना निटिंगचा माल माहीत आहे त्यांना कळेल की हा लॉटच फेकायचा होता. 'मूळ १९७६ च्या पॅटर्नचे मलमलचे शर्ट' म्हणून जे आले होते त्याचा धागा अप्पांनी काडीने पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत विरते. याचा वितळून कडक मणी झाला. पॉलिस्टर. पट्ट्याने पाय बांधलेली पँट मात्र त्यांनी शांतपणे पाहिली आणि विचारलं, "हे घालून बसमध्ये चढायचं कसं?"

मी त्यांच्यावरच चिडलो. म्हटलं, हे फॅशनचं आहे, तुम्हाला कळायचं नाही. इतिहासाची बारा पानं फ्रेम करून भिंतीवर लावली आणि दुकान उघडलं.

पहिला महिना बरा गेला. पावसाळा लागला तशा सेफ्टी पिना गंजल्या आणि शर्टांवर तांबडे डाग पडले. मुलं माल परत घेऊन येऊ लागली. एकाने अंगावरच्या घामाने काळी झालेली बनियनच आणून दाखवली. उरलेली पाच खोकी येतच नव्हती. फोन केला की, "सर, कंटेनर पोर्टला अडकलाय."

गणपतीला पुतण्या बंगळूरहून आला. तो दुकानात शिरला, भिंतीवरच्या फ्रेमा वाचत वाचत शेवटपर्यंत गेला आणि हसायला लागला. मग माझं तोंड बघून थांबला.

"काका, हे तीन वेगवेगळ्या लोकांचं आहे."

पहिला भाग व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लॅरन यांच्या दुकानाचा. मॅक्लॅरन २०१० मध्ये वारला, वेस्टवूडबाई २०२२ च्या डिसेंबरात गेल्या, आणि फॅशन शिकणारं कुठलंही पोरगं हे दुकान ओळखतं. न्यूयॉर्कच्या बहिणींचा मॅनिक पॅनिक हा वेगळाच धंदा. कॅलिफोर्नियाचं ते हॉट टॉपिक, त्याचा या दोघांशी काडीचा संबंध नाही. तिन्ही इतिहास खरे. कुणीतरी ते उसवून, एकाला एक जोडून शिवले होते आणि वर आपलं लेबल लावलं होतं. अप्पांनी कॉलर उलटी करून दाखवलं होतं ना, तेच. मी प्रत्येक गोष्ट खरी आहे का ते बघितलं. ती यांची आहे का, हे एकदाही बघितलं नाही.

मूर्ती विसर्जनाला निघाल्या तेव्हा आम्ही दोघं दुकान बंद करून आत बिलं पसरून बसलो होतो. बाहेर ढोल, आत मोबाईलचा उजेड. पुतण्याने जे दाखवलं ते कुणालाही घरबसल्या, फुकटात बघता येतं, म्हणून नीट लिहितो.

बिलावरचा जीएसटी नंबर. पहिले दोन आकडे राज्याचे. कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. माझ्या बिलावर ०७, म्हणजे दिल्ली, आणि हा माणूस तर मुंबईचं ऑफिस सांगायचा. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, मालक कोण ते सांगतं. कंपनी असेल तर सी, भागीदारी फर्म असेल तर एफ, एकटा माणूस असेल तर पी. बिलावर छापलं होतं 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहावं अक्षर होतं पी. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला तर एका माणसाचं नाव आलं आणि नोंदणीची तारीख. माझ्याशी करार होण्याच्या पाच महिने आधीची. इतिहासात लिहिलं होतं की भारतात नऊ वर्षं झाली.

दुसरं, ट्रेडमार्क. पाटीवर नावापुढे वर्तुळातला आर होता. तो आर फक्त नोंदणी झालेल्या नावालाच लावता येतो, खोटा लावायला १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात मनाई आहे. कपडे पंचविसाव्या वर्गात येतात. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या वर्गात ते नाव शोधलं, तर नावच नाही. म्हणजे ३,००,००० रुपये देऊन मी जे नाव वापरायचा हक्क घेतला, तो हक्क देणाऱ्याकडेच नव्हता.

नंतर वकिलांकडे गेलो तेव्हा कराराची उरलेली नऊ पानं वाचली गेली. सातव्या पानावर, माल बघून, पसंत करून घेतला अशी माझी कबुली. नवव्यावर, काही तंटा झाल्यास दिल्लीत लवाद. वकील म्हणाले, आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. समोरच्याने आपली खरी माहिती आधी उघड केलीच पाहिजे असं बंधन नाही, १८७२ च्या करार कायद्यावरच सगळं चालतं. ग्राहक आयोगात जाता येईल का विचारलं. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तो दरवाजा साधारण बंद असतो, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला छोटा धंदा असेल तर २०१९ च्या कायद्यात जागा आहे. त्या जागेतून आम्ही आत शिरायचा प्रयत्न करतोय. पोलिसांतही फसवणुकीची तक्रार दिली आहे. माझं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळे ती वकिलांच्या कारकुनाने लिहिली आणि ओळ ओळ मला मराठीत समजावली. अकरा पानांचा इंग्रजी करार मला असा कुणी समजावला नव्हता, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर उशीर झाला होता. ऑनलाइन पाठवलेले पैसे गेल्याचं लक्षात येताच पहिल्या काही तासांत सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात. मी केला चार महिन्यांनी. खात्यात तेव्हा काही शिल्लक असण्याची शक्यताच नव्हती.

दुकान दिवाळीनंतर बंद केलं. काळे टी-शर्ट मात्र आता खडेबाजारातच ठेवतो. अप्पांनी स्वतः बघून आणलेलं कापड, साधं लेबल, रुमाल घासून गिऱ्हाइकाला दाखवूनच विकतात. इतिहास काही नाही.

तर ते निपाणीचे दुकानदार. फोनवर मी सगळं सांगितलं, पण त्यांना पटलं नाही. म्हणाले, "अहो, पण मी सगळं तपासलं की. ते घड्याळ खरंच आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसने ते बेळगावला आले. मी त्यांच्यासमोर भिंतीवरून काढलेल्या फ्रेमा ठेवल्या, बिल ठेवलं, सहाव्या अक्षरावर बोट ठेवलं. त्यांनी आपलं कोटेशन मोबाईलवर उघडलं. नंबर वेगळा होता, नाव वेगळं होतं, सहावं अक्षर पी.

"टोकन दिलंय का?" अप्पांनी विचारलं.

"काल रात्री. पन्नास हजार."

मी घड्याळात बघितलं. अकरा तास झाले होते. त्यांचा हात थरथरत होता म्हणून १९३० मीच लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून व्यवहाराचा नंबर विचारला. त्यांना तो मेसेजमध्ये सापडेना. अप्पांनी आपला चष्मा काढून त्यांच्यापुढे केला.