आधी दुरुस्ती की थेट नवा लेख?

विकिपीडियावर लिहायला शिकायचं असेल तर पुढे दोन वाटा असतात. आहे त्या लेखात दुरुस्ती करायची, नाहीतर स्वतःचा नवा लेख सुरू करायचा.

नव्या लेखाची ओढ मोठी. सोलापूरकराला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेवर, लिहावंसं वाटणारच. ७ नंदीध्वज, ६८ लिंगं, अक्षता सोहळा, सगळं लहानपणापासून पाहिलेलं. पण ‘मी पाहिलंय’ हा तिथे पुरावा होत नाही. पुस्तक, वर्तमानपत्र असा छापून आलेला आधार लागतो. म्हणजे संदर्भ शोधायचे, विषयाची उल्लेखनीयता (त्यावर स्वतंत्र लेख व्हावा इतकी दखल इतरांनी घेतली आहे हे) दाखवायची, साचे (तयार चौकटी) आणि वर्ग (विषयवार गट) शिकायचे आणि ‘भव्यदिव्य’, ‘अलोट गर्दी’ असे शब्द गाळून तटस्थही लिहायचं. नवख्याला हे सगळं एकदम झेपत नाही. गल्लीतल्या चादर विणणाऱ्या कारागिरावर कुणी जीव ओतून लिहितो, स्वतंत्र संदर्भ नसल्यानं लेख काढून टाकला जातो आणि लिहिणारा पुन्हा तिकडे फिरकत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

दुरुस्तीत एका वेळी एकच गोष्ट शिकायची असते. समजा, एखाद्या लेखात ‘सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३१ मध्ये फाशी झाली’ एवढंच आहे. तुम्ही हिराचंद नेमचंद वाचनालयात जाता, पुस्तक काढता, १२ जानेवारी ही तारीख आणि येरवडा तुरुंग ताडून घेता. मग ‘संपादन’ दाबून वाक्य नीट करता, त्याच्या शेवटी पुस्तक, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक असा संदर्भ जोडता. काय बदललं ते खाली एका ओळीत लिहिता: ‘तारीख व संदर्भ जोडला’. काम अर्ध्या तासाचं, पण विकिपीडियाचा गाभा हाच. कुणी बदल उलटवला तर रागावू नका. लेखाचा ‘इतिहास’ (आधीच्या बदलांची यादी) पाहा, त्याच्या चर्चा पानावर विचारा. तिथल्या उत्तरातूनच पुष्कळ शिकायला मिळतं.

मराठीत लिहावं की इंग्रजीत? माझं मत मराठी. इंग्रजीत नजर ठेवणारे जास्त, आणि तिथे थेट नवा लेख टाकायला खातं किमान ४ दिवसांचं आणि १० संपादनं झालेली लागतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण हात कमी, म्हणून तुमची एक ओळही मोलाची.

नव्या लेखानं सुरुवात एकाच परिस्थितीत करावी: विषयावरची दोन-तीन चांगली, स्वतंत्र पुस्तकं आधीच हाताशी असतील तर. तेव्हाही आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर. बाकी सगळ्यांनी पहिली पन्नासेक संपादनं दुरुस्तीचीच करावीत.

आणि गड्डा? मजकुरात ‘मी पाहिलंय’ चालत नसलं, तरी स्वतः काढलेला फोटो चालतो. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की फोटो काढा आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडिया जिथून चित्रं घेतो त्या मुक्त साठ्यावर, चढवा. मुक्त परवाना दिल्यावर तो कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो, हे मात्र आधी समजून घ्या.