महाकाय बेडूक आणावा की महाकाय भेक?

पुढच्या सेशनला (खेळाच्या बैठकीला) पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, दलदलीत उतरणार असेल तर डीएमपुढे, म्हणजे खेळ चालवणाऱ्यापुढे, हा प्रश्न येतोच. बोलताना आपण दोघांनाही बेडूकच म्हणतो, पण डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (खालचे आकडे 2014 च्या नियमांतले आहेत) ही दोन वेगळी जनावरं आहेत: बेडूक म्हणजे जायंट फ्रॉग आणि भेक म्हणजे जायंट टोड. बहुतेक जण चॅलेंज रेटिंग, म्हणजे जनावर किती कठीण त्याचा आकडा, बघून निवडतात. माझं म्हणणं, आधी एवढंच बघा: हे जनावर तुमच्या टेबलावरच्या कुणाला गिळू शकतं?

बेडकाचं रेटिंग 1/4, हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) 18, आर्मर क्लास (त्याला फटका बसवणं किती अवघड ते) 11. चावा बसला की 1डी6+1 (सहा बाजूंचा एक फासा अधिक एक) नुकसान होतं आणि सावज जबड्यात अडकतं. पुढच्या पाळीला त्याच सावजावर पुन्हा चावा बसला की ते पोटात. मग बेडकाच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला 2डी4 आम्लाचं नुकसान. पण गिळता येतात ते फक्त स्मॉल आकाराचे किंवा त्याहून छोटे, म्हणजे हाफलिंग किंवा नोम या बुटक्या जातींची पात्रं. पार्टीत सगळे माणूस, एल्फ आणि ड्वार्फ असतील तर बेडकाची सगळ्यात भारी करामत बाहेरच येत नाही. उरतं ते उड्या मारणारं, चावणारं एक जनावर, आणि दोन पाळ्यांत ते मरतं.

हाफलिंग असेल तर मात्र पहिल्या लेव्हलला बेडकासारखी दुसरी चकमक नाही. आमच्याकडे हाफलिंग चोर गिळला गेला तेव्हा मी त्याचं टोकन नकाशावरून उचललं, स्टीलच्या डबीत टाकलं आणि झाकण लावलं. तोवर चिवडा खात गप्पा मारणारे तिघेही एकदम पुढे सरकून बसले. चोराकडे दोनच हिट पॉइंट उरले होते आणि बेडकाचे अजून अकरा जायचे होते. चोर वाचला, आणि ती डबी आता आमच्या डाइसच्या पिशवीतच असते.

भेकाचा मामला जड आहे. रेटिंग 1, हिट पॉइंट 39, आकार लार्ज, आणि तो माणसाच्या आकाराच्या, म्हणजे मीडियमलाही गिळतो, म्हणजे जवळजवळ कुणालाही. चाव्याचं नुकसान 1डी10+2 आणि वर विषाचं 1डी10, सरासरी तेरा. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे असतात सात-आठ हिट पॉइंट. तो पहिल्याच चाव्यात बेशुद्ध पडतो. त्यानंतर गिळला गेला तर पोटातलं 3डी6 आम्ल बहुधा एका फटक्यातच त्याचा जीव घेतं, कारण शून्यावर असताना एकूण हिट पॉइंटांइतकं नुकसान झालं की पात्र थेट मरतं. नवख्या खेळाडूचं पात्र असं घालवू नये, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या लेव्हलला हाच भेक सुरेख बसतो. फायटरचे साधारण 28 हिट पॉइंट असतात. दोन चावे खाऊन तो पोटात जातो तेव्हा एक-दोन उरलेले असतात. बाकीच्यांना दोन फेऱ्यांत 39 काढायचे असतात, आणि ते जेमतेम जमतं. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, ‘मला गिळलं तर मी मिस्टी स्टेपने बाहेर येईन.’ येता येत नाही. गिळलेला आंधळा असतो, आणि एका जागेवरून दुसरीकडे नेणाऱ्या त्या मंत्राला जाण्याची जागा दिसावी लागते. हे सेशनच्या आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाहीत.

जागेचंही बघा. दोघांचीही उडी वीस फुटांची, पण भेकाची जमिनीवरची चालच वीस फूट, त्यामुळे एका उडीत त्याची त्या पाळीची चाल संपते. पाण्यात तो चाळीस फूट पोहतो. म्हणून भेक कोरड्यावर कधीच ठेवू नका.

वर्णनासाठी पुस्तकापेक्षा खरा प्राणी जास्त उपयोगी. बेडूक घास चावून खात नाही. गिळताना तो डोळे मिटतो, डोळ्यांचे गोळे आत खेचतो आणि त्यांच्या दाबाच्या मदतीने घास घशाखाली ढकलतो. हे टेबलावर सांगा, अंगावर काटा येतो. रंग हवा असेल तर पहिल्या पावसात पिवळेधमक होणारे आपल्याकडचे मोठे नर बेडूक आठवा, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडणारे. खऱ्या भेकाला दातच नसतात आणि त्याचं विष असतं कातडीत, डोळ्यांमागच्या गाठींत. म्हणून विषाचं नुकसान मी ‘दुधासारखा चिकट स्राव जखमेत उतरतोय’ असं सांगतो.

फ्रॉगहेमथ या बेडकासारख्या अक्राळविक्राळ राक्षसाचा मोह अनेकांना होतो. 1980 मधल्या एका साहसात, कोसळलेल्या अवकाशयानात, तो पहिल्यांदा आला. सोंडेसारखे चार हात, देठावरचे डोळे, रेटिंग 10, हिट पॉइंट 184. नवव्या-दहाव्या लेव्हलच्या आत त्याच्याकडे बघूही नका. विजेचा फटका बसला की तो मंदावतो, तेवढी खूण मात्र आधी कुठेतरी पेरून ठेवा.

आणि दुसऱ्याच लेव्हलला भेक आणायचाच असेल, तर तो दिसेल तेव्हा त्याच्या पोटात एखादी शेळी आधीच तडफडत असू द्या. त्याला एका वेळी एकच सावज गिळता येतं.